चंद्र खाली का पडत नाही?

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त ऑक्टोबर २०२५ मध्ये शुऐबा येथे झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आजच्या दिवशी बाबासाहेबांच्या कार्यावर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्याला लाभले आहेत. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपगृहात पाण्याच्या पातळीची नोंद ठेवणारा मी एक साधा तंत्रज्ञ. तरीही कार्यकारिणीने मला उभे केले, त्याला एक आठ वर्षांची मुलगी कारणीभूत आहे. तिचा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

गेल्या महिन्याच्या ७ तारखेला, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ रोजी, खग्रास चंद्रग्रहण झाले. कुवेतमध्ये सायंकाळी साडेसातच्या सुमारास चंद्राला कड लागली आणि साडेआठला तो पुरता झाकोळला. पुढची ८२ मिनिटे तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा तो शुऐबाच्या चिमण्यांवर लटकत होता. आम्ही दहाबारा जण कॅम्पच्या गच्चीवर चटया टाकून बसलो होतो. एक सहकारी फहाहीलहून कुटुंब घेऊन आले होते. त्यांची धाकटी मुलगी बराच वेळ वर बघत राहिली आणि मग माझी बाही ओढून म्हणाली, "काका, त्याला कोणी धरलेलं नाही, मग तो पडत का नाही?"

मी उत्तर देणार, एवढ्यात आमच्यातल्या एका तरुण वेल्डरचा फोन वाजला. त्याची पत्नी गावी, सहा महिन्यांची गरोदर. भारतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ग्रहणाचे वेध म्हणून सासूबाईंनी तिला दुपारपासून अन्नाचा कण घेऊ दिला नव्हता. सुरी हातात धरायची नाही, हातपाय आखडायचे नाहीत, दाराबाहेर यायचे नाही. ग्रहण सुटायला मध्यरात्रीनंतरचा दीड वाजणार होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, खरंच काही होतं का हो? आई ऐकत नाही." त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे. बावीस प्रतिज्ञा त्याच्या आईला तोंडपाठ आहेत.

एकाच गच्चीवर, एकाच घटकेला आलेले हे दोन प्रश्न मला तेव्हापासून वेगळे वाटत नाहीत. म्हणून आधी मुलीचा प्रश्न घेतो.

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. पृथ्वी त्याला ओढते, यात शंका नाही. ओढ असेल तर तो खाली यायला हवा, हे त्या मुलीचे तर्कशास्त्र बिनतोड होते. तिला जे उत्तर मिळाले पाहिजे होते ते ऐकायला विचित्र वाटेल: चंद्र पडतच असतो. क्षणोक्षणी पडतो. फक्त पडता पडता तो इतक्या वेगाने बाजूला सरकत असतो की पृथ्वी त्याच्या वाटेत येत नाही.

हे समजायला आपल्याला कुवेतचीच एक तोफ मदत करील. रमजानच्या महिन्यात नायफ राजवाड्यात सूर्यास्ताला तोफ डागतात आणि रोजा सुटतो. दूरदर्शनवर आपण सर्वांनी ती पाहिली आहे. त्या तोफेत गोळा नसतो, नुसता आवाज असतो. आपण मनात त्या तोफेत खरा गोळा घालू, आणि ती एका अतिशय उंच, हवेच्याही वर डोके काढणाऱ्या पर्वतावर ठेवू. आडवा गोळा डागला तर तो काही अंतरावर जमिनीला टेकेल. दारू वाढवली की आणखी दूर टेकेल. सपाट जमिनीवर हा खेळ इथेच संपला असता. परंतु पृथ्वी गोल आहे. गोळा पुढे जातो तशी त्याच्या खालची जमीनही वाकत जाते. पहिल्या सेकंदात कोणतीही वस्तू ४.९ मीटर खाली पडते. आणि पृथ्वीचा पृष्ठभाग साधारण ७.९ किलोमीटर अंतरात तेवढाच, ४.९ मीटर, खाली वाकतो. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर झाला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्यापासून दूर सरकेल. शुऐबाहून निघालेला गोळा पहिल्याच सेकंदात फहाहील ओलांडून पुढे गेलेला असेल. तो पडत राहील, पण पोहोचणार नाही. पृथ्वीला वळसा घालून तोफेच्या मागच्या बाजूने परत येईल. तोफवाल्याने तेवढे डोके खाली घातले म्हणजे झाले!

ही कल्पना माझी नव्हे. आयझॅक न्यूटनने ती मांडली. त्याच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्या पर्वताचे चित्रही आहे. परंतु न्यूटनचा खरा पराक्रम या चित्रात नाही, पुढच्या हिशेबात आहे. तो मी जरा सावकाश सांगतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो कागदावर करून पाहिला तेव्हा रात्रपाळीत एकटाच मी उभा राहिलो होतो.

पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या साठपट चंद्र दूर आहे. न्यूटनचा अंदाज असा की अंतर साठपट झाले तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी होते. आता, पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाने वाढते. साठपट वेळ दिला तर ३,६०० पट अंतर. तेव्हा ओढ ३,६०० पटींनी कमी आणि वेळ साठपट, हे दोन्ही एकमेकांना फेडतात. याचा अर्थ असा की पृथ्वीवर दगड एका सेकंदात जितका पडतो, तितकाच चंद्र एका मिनिटात पडला पाहिजे. आता चंद्राकडे बघा. २७.३ दिवसांत तो सुमारे २४ लाख किलोमीटरचा फेरा पुरा करतो. म्हणजे सेकंदाला साधारण एक किलोमीटर. त्या मार्गाची वक्रता मोजली, की सरळ रेषेपासून तो पृथ्वीकडे दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर आणि दर मिनिटाला ४.९ मीटर वळलेला दिसतो. दगड एका सेकंदात ४.९ मीटर. चंद्र एका मिनिटात ४.९ मीटर.

बंधू-भगिनींनो, या आकड्यांनी काय केले ते ध्यानात घ्या. आकाशाचे नियम वेगळे आणि मातीचे वेगळे, वरचे पवित्र आणि खालचे अपवित्र, ही समजूत ग्रीसमध्ये होती, युरोपात होती, आणि आपल्याकडे तर ती माणसांनाही लावली गेली होती. १६८७ मध्ये न्यूटनचा ग्रंथ छापला गेला आणि कळले की झाडाचे फळ, विहिरीत टाकलेला खडा आणि आकाशातला चंद्र यांना एकच कायदा लागू आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्यापैकी अनेकांना शाळेत असे शिकवले गेले, की पृथ्वीची ओढ आत आणि दुसरे एक बल बाहेर, असे दोन्ही तुल्यबळ झाल्यामुळे चंद्र मध्येच राहतो. मीही वर्षानुवर्षे हेच समजत होतो. परंतु दोन्ही बले खरोखरच बरोबरीची असती, तर चंद्रावर एकूण बल शून्य झाले असते, आणि शून्य बल असलेली वस्तू सरळ रेषेत जाते. चंद्र वळतो, याचाच अर्थ त्याच्यावर एक ओढ आहे आणि तिला फेडणारे दुसरे काही नाही. कंपनीची बस राउंड अबाउटला वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकलो जातो असे वाटते. बाहेर ढकलणारा कोणी नसतो. आपले शरीर सरळ जाऊ पाहते आणि बस खालून वळते. गोफण फिरवणाऱ्याला विचारा. जोंधळ्याच्या माळ्यावर बसून आपल्या आईवडिलांनी पाखरे हाकली आहेत. दोरी सुटली की धोंडा वर्तुळाच्या बाहेर आडवा उडत नाही; ज्या दिशेने तो त्या क्षणी चालला होता त्याच दिशेने सरळ निघून जातो. चंद्राची दोरी दिसत नाही, इतकाच फरक.

मग त्याला हा वेग दिला कोणी? आज बहुतेक शास्त्रज्ञ असे मानतात, की सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला, त्या आघाताने उडालेल्या द्रव्यातून चंद्र घडला आणि त्याला गतीही तिथूनच मिळाली. आणि ती गती टिकली कशी? तर तिला अडवायला वाटेत हवा नाही, म्हणून. हे सांगताना आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना १९७९ चा जुलै आठवेल. 'स्कायलॅब पडणार' म्हणून गावोगावी लोकांचे धाबे दणाणले होते. सुमारे ७७ टनांची ती अमेरिकन प्रयोगशाळा १९७३ पासून पृथ्वीभोवती फिरत होती. ती ज्या उंचीवर होती तिथे अगदी विरळ का होईना, पण हवा होती. सूर्यावरील हालचाली वाढल्या, वातावरण तापून फुगले, स्कायलॅबचा वेग घासून घासून कमी झाला आणि ११ जुलै १९७९ रोजी ती कोसळली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. नियम तोच. स्कायलॅबला हवेने लुटले, चंद्राला लुटणारे कोणी नाही.

उलटी बाजूही आपण पाहिली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा कॅम्पात मिठाई वाटली गेली. पण त्या शेवटच्या मिनिटांत इंजिने काय करीत होती, हे फारसे कोणी विचारले नाही. ती यानाला खाली ढकलत नव्हती. चंद्रापासून तीस किलोमीटर उंचीवर विक्रमचा आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता, आणि तो मारून टाकणे हे इंजिनांचे मुख्य काम होते. आडवा वेग गेला की पडणे आपोआप होते. मग उरते ते फक्त हळू पडणे. उद्या कोणी चंद्राचा आडवा वेग असाच काढून घेतला, तर तोही पाच दिवसांच्या आत पृथ्वीवर येऊन आदळेल. पण असा कोणी नाही. तेव्हा मुलांनी निश्चिंत झोपावे.

आता माझ्या पंपगृहाकडे येतो. चंद्र पृथ्वीला नुसता फिरत नाही, तोही तिला ओढतो. शुऐबाच्या धक्क्यावर पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. माझ्या नोंदवहीत भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते; त्या दिवसांत पंपाच्या तोंडाशी पाणी पुरेल ना, याकडे आम्हाला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ग्रहणाच्या त्या रात्रीही माझा जोडीदार हीच नोंद करीत होता.

या भरतीचा एक परिणाम तर मजेशीर आहे. पृथ्वी स्वतःभोवती चंद्रापेक्षा झपाट्याने फिरते, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो आणि तो फुगवटा चंद्राला पुढच्या दिशेने खेचतो. चंद्राची कक्षा त्यामुळे हळूहळू रुंदावते. अपोलो यानांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण पाठवून हे अंतर मोजले जाते: चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. आपण 'पडेल का?' म्हणून विचारतो, आणि तो निघालेला आहे.

आता त्या वेल्डरचा प्रश्न.

ग्रहण म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सावलीत जाणे, हे आपल्या देशात आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये स्वच्छ लिहून ठेवले. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. ती ज्या दोन बिंदूंत सूर्याच्या मार्गाला छेदते त्यांना राहू आणि केतू म्हणतात. राहू-केतू म्हणजे भूमितीतले दोन बिंदू! तरीही पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने, स्वतः ग्रहणाचे गणित अचूक करीत असताना, वेद-स्मृतींत सांगितले आहे म्हणून राहूची कथा उचलून धरली आणि आर्यभटाला दोष दिला. हे कोणाच्या नजरेस आले? अरबी भाषेत लिहिणाऱ्या अल् बिरूनीच्या. १०३० च्या सुमारास त्याने भारतावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ब्रह्मगुप्तासारख्या ज्ञानी माणसाने असे का करावे, याबद्दल तो चकित झालेला दिसतो. आपण ज्या देशात भाकर कमावतो त्याच्या भाषेत ही नोंद आहे. आणि येथून जवळच असलेल्या बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल् हैथमने चंद्रप्रकाशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चंद्रावरील एका विवराला आज त्याचे नाव आहे.

येथे कोणी म्हणेल, आपल्या भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधीच गुरुत्वाकर्षण शोधले होते. पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे व जड वस्तू त्यामुळे तिच्याकडे येते, असे त्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत म्हटले आहे, हे खरे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. परंतु तीच ओढ चंद्रालाही वळवते, आणि ती अंतरानुसार किती घटते, हे त्यात नाही. भास्कराचार्यांचा मान मोठा आहे. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर मांडून तो वाढत नाही.

आणि ज्ञान ग्रंथात राहिले, तेव्हा गावात काय चालले होते? राहू-केतू हे मांगा-महारांचे मूळपुरुष, अशी लोकसमजूत होती. चंद्राला गिळणारा तुमचा, तेव्हा सोडवण्यासाठी दानही तुम्हालाच. माझी आजी परभणी जिल्ह्यातली. ग्रहणाच्या रात्री टोपले घेऊन ती घरोघर ओरडत फिरत असे, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" लोक वरून, अंग चोरून, धान्य आणि जुनेर टाकीत. म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडली, की तिचा भार माझ्या आजीच्या डोक्यावरच्या टोपल्यात यायचा. ती सांगायची, "पोरा, चंद्र लाल झाला की मला लाज वाटायची, जणू मीच काही केलंय."

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आजी गेली नव्हती. आजोबा गेले होते. त्यानंतर आलेल्या पहिल्या ग्रहणाला तिने टोपले उचलले नाही. गावातून बोलावणे आले, धमकीही आली. ती दाराशी बसून राहिली. वर्ष पुरे व्हायच्या आत, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, रशियाने स्पुटनिक सोडला; माणसाच्या हाताने केलेला पहिला गोळा न्यूटनच्या तोफेतून सुटल्याप्रमाणे पृथ्वीभोवती फिरू लागला. आजीला त्यातले काही ठाऊक नव्हते. पण ग्रहण दानाशिवाय सुटते, हा प्रयोग तिने स्वतः केला होता आणि निष्कर्ष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

म्हणून त्या रात्री मी त्या तरुणाला फोन परत लावायला सांगितला आणि त्याच्या आईशी स्वतः बोललो. "मावशी, जयभीम. पंचांगसुद्धा आजाऱ्याला आणि गरोदर बाईला सवलत देते, आणि तुम्ही देत नाही?" म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाबा, मला कळतंय. पण काही वेडंवाकडं झालं तर लोक मलाच बोलतील ना." त्यांची भीती राहूची नव्हती, शेजाऱ्यांची होती. त्यावर माझ्याजवळ गणित नव्हते. मी त्यांना माझ्या आजीची गोष्ट सांगितली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझी आई पण जायची टोपलं घेऊन." मग फोन बंद झाला. पंधरा-वीस मिनिटांनी तिकडून निरोप आला, की वहिनींनी दूधभाकर खाल्ली. त्या वेळी चंद्र अजून पुरता लालच होता.

मुलगी मात्र तोवर चटईवर झोपी गेली होती. तिचे उत्तर तिला दुसऱ्या शुक्रवारी मिळाले, गोफण आणि लिंबू घेऊन. लिंबू शेजारच्या गच्चीवर गेले. तिने लगेच विचारले, "मग चंद्राची दोरी तुटली तर तो कुणाच्या गच्चीवर जाईल?"

कुवेतमधून संध्याकाळी आरामात पाहता येईल असे पुढचे खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ रोजी आहे. सायंकाळी सव्वासात ते साडेआठच्या दरम्यान चंद्र पूर्ण झाकलेला असेल. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, ते जेद्दा-मक्केकडे खग्रास व येथे खंडग्रास दिसेल. त्यासाठी योग्य चष्मे लागतील, ते मागवण्याची जबाबदारी कार्यकारिणीने घ्यावी. चंद्रग्रहणाला चष्मा लागत नाही. गच्ची आमची, चटया आमच्या, जेवण मात्र ज्याने त्याने आणावे, आणि ते ग्रहण चालू असतानाच खावे.

 जयभीम! नमो बुद्धाय!